अंगठ्याचं माप

११ जून, मंगळवार

मामा,

या खेपेचा साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातलाय, कारण डावा गुडघा वाकत नाही. मोडलेला नाही, नुसता सुजलाय. पत्रात आईसाठी त्यावर काही लिहू नका, तिच्या तोंडाचा पट्टा आधीच सुटलाय.

फोन केला की दादा म्हणतो, "बाबा झोपलेत." सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत. चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलेला माणूस मुलाकडे राहायला गेला आणि कुंभकर्ण झाला, हे माझ्या गळी उतरत नाही. पण असो. म्हणून पत्र.

काम तुमच्याच धंद्यातलं आहे. टेकडीवरची वाट बंद करायला निघालेत. खाणवाल्याने कचेरीत अर्ज दिला, की पावसाळ्यात त्या वाटेवरून चाक फिरत नाही, म्हणजे ती चाकाची वाट नव्हेच. नकाशावरून पुसा आणि टेकडी मला द्या. सुनावणीला आम्ही पाचजण गेलो होतो. चौघे खाली मान घालून बसले. मी उठले आणि म्हणाले, "फिरतं चाक. मी फिरवून दाखवते." साहेबाने चष्मा काढून मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि तिथल्या तिथे हुकूम लिहिला. पावसाळ्यातले बारा सोमवार, खालच्या चौकीपासून वरच्या चौकीपर्यंत, संध्याकाळी पाचच्या आत. ढकलत नेलं तरी चालेल, पण चाक जमिनीवरून फिरत आलं पाहिजे. बाराही शिक्के पडले तर वाट राहील. एक चुकला की गेली.

वाट गेली तर माझं काय, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. टेकडीपलीकडची पांढरी माती आली नाही तर माझ्या कपबशा आणि बरण्या कशाच्या करू? लांबच्या रस्त्याला खाणवाल्याचंच फाटक आहे, आणि सुनावणीनंतर तो मला त्या फाटकातून आत घेईल असं वाटत नाही.

काल पहिला सोमवार झाला. डोंगरातली सायकल घेतलीय, गिअरवाली. दुकानदार म्हणाला, "ताई, चिखल ना? मग जितकं रुंद टायर तितकं बरं." मला पटलं, मूळचं टायर काढून रुंद घातलं. दिसायलाही दणकट. अर्ध्या तासात चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये चिखल असा काही दाटला, की चाक जागच्या जागी थिजलं. काठीने खरवडायचं, चार पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं. साडेचार तास हेच. चौकीवर पोचले तेव्हा पाचाला सात मिनिटं कमी होती. कारकुनाने शिक्का मारला, पण म्हणाला, "बाई, ही सायकल आणलीत की भिंत?"

अकरा सोमवार उरलेत. टायर कुठले घालू? भाषण नको, टायर सांगा.

तुमची,
ढेकूळ


१४ जून, शुक्रवार

चिरंजीव ढेकूळ,

आशीर्वाद आहेतच, ते काही पत्रागणिक झिजत नाहीत.

भाषण नको म्हणतेस म्हणून आधी भाषण. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, भर कचेरीत उठून 'फिरवून दाखवते' म्हणते! ती वाट मी आणि माझ्या चार दोस्तांनी कुदळी मारून काढली, हातगाडी जावी म्हणून. पावसाळ्यात आम्ही स्वतः तिकडे फिरकत नव्हतो. हे तू साहेबाला सांगितलं नाहीस, एवढी अक्कल शिल्लक आहे म्हणायची.

सोड हा नाद, असं लिहायलाच बसलो होतो. पण दिवसभर सहाव्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजणारा माणूस दुसऱ्याला कुठल्या तोंडाने 'सोड' म्हणणार? टाक्या अकरा आहेत. एक गळते.

आता कामाचं बोलू. टायर कुठलं म्हणून विचारतेस आणि चिखलाबद्दल एक अक्षर नाही. रोगी न बघता औषध द्यायला मी काय जादूगार आहे? चिखल कसा, ते लिही. पातळ की चिकट? खाली टणक जमीन लागते की तळच नाही? दगड कुठे आहेत, मुळ्या कुठे? आणि जुनं टायर चढवून बघ, पुढचं चाक धरणारा चिमटा आणि टायर यांच्यामध्ये किती बोटं जातात. तोवर येत्या सोमवारी ते जुनंच घाल. रुंद टायर त्या दुकानदाराच्या गळ्यात घाल.

अक्षराकडे बघू नकोस. इथलं टेबल डगमगतं.

मामा


१८ जून, मंगळवार

मामा,

दुसरा शिक्का पडला. सायकलच्या बरोबर आलेल्या गुळगुळीत टायरांवर गेले, निम्मी वाट ढकलत, तीनदा आडवी. पण चाक फिरलं.

चिखल मला विचारताय? माझा जन्म त्यात गेला. ऐका. चौकीपासून ओढ्यापर्यंत पातळ आहे, ताकासारखा, पण चार बोटांखाली मुरूम लागतो. ओढ्यापासून वडाच्या वळणापर्यंत पिवळी चिकणमाती. ही खरी वैरीण. हातात घेऊन वळली तर सापासारखी वळते, तडा जात नाही. हिच्यावर मी सुरई काढीन, पण सायकल नाही काढू शकत. वळणाच्या पुढे चिखल संपतो आणि दगडांच्या पायऱ्या लागतात, ओल्या, शेवाळलेल्या, मधूनमधून मुळ्या. चिमट्यात माझं एक बोट सहज जातं, दुसरं जात नाही.

वडाखाली खाणवाला छत्री घेऊन उभा होता. म्हणाला, "बाई, कशाला जिवाचा आटापिटा? माती हवी तर मी माझ्या ट्रकने दारात टाकतो." मी म्हटलं, "माती तुमच्या ट्रकने आली की उद्या भावही तुमचा आणि वेळही तुमची. मला माझी वाट पुरे." तो हसला. हसू दे. पाऊस जरा जोराचा झाला तेव्हा त्याची छत्री उलटी झाली, मग मी हसले.

टेबलाखाली कागदाची घडी का घालत नाही? पत्र लागायला मला आणि आईला मिळून पाऊण तास लागला. आई म्हणते, माझ्या भावाचं अक्षर मोत्यासारखं होतं.

ढेकूळ


२२ जून, शनिवार

चिरंजीव,

शाबास. असा चिखल सांगायला हवा. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने मला असं सांगितलं नाही.

आता नीट वाच. रुंद टायर चिखलावर तरंगतं, आणि तरंगलं की घसरतं. तुझ्या पातळ चिखलाखाली मुरूम आहे, मग तरंगायचं कशाला? अरुंद टायर घे, दोन इंचाहून जरा जास्त, बस. ते चिखल कापून खाली जाईल आणि मुरमाला धरेल. अरुंद म्हणजे चिमट्यात जागाही राहील. चिकणमातीसाठी टायरचे दात एकमेकांपासून लांब हवेत. दात जवळजवळ असले की माती मध्ये बसते आणि तुझ्या टायरची लाटी होते. लांब असले की चाक फिरताना माती आपोआप उडून जाते. तोंड मिटून चालव.

दुकानदार सगळ्यात उंच दातांचं टायर दाखवील. घेऊ नकोस. उंच दात चिखलात राजा, पण दगडावर वाकतात आणि तुला खाली पाडतील. मधल्या उंचीचे घे. पुढचं टायर मऊ रबराचं, नखाने दाबलं तर खूण राहील असं. मागचं कडक चालेल. टायरवर बाण असतो, पुढचं बाणाच्या दिशेने लाव, मागचं उलटं. दुकानदार हसेल, हसू दे, तुला सवय आहे.

हवा. सगळा खेळ हवेचा आहे. पाव नख. अंगठा दाबायचा, पाव नख रुतला पाहिजे. त्याहून मऊ करायचं नाही, कितीही मोह झाला तरी. रिम दगडावर आपटते आणि मधल्यामध्ये ट्यूब चावली जाते.

टेबल बदललं. आता पेन वाईट आहे.

मामा


२ जुलै, मंगळवार

मामा,

चार शिक्के झाले. पण चौथा कसा झाला ते ऐका.

टायर तुम्ही सांगितलं तसं मिळालं, तिसऱ्या दुकानात. मागचं उलटं लावायला सांगितल्यावर दुकानदार खरंच हसला. चोवीस तारखेच्या सोमवारी घाईघाईत बसवून गेले, पाऊस कमी होता, निभावलं. आणि पिवळ्या चिकणमातीतून चाक असं निघालं, की मी एकटीच ओरडत होते. मागे वळून पाहिलं तर मातीच्या गोळ्या हवेत उडत होत्या. एक तोंडात गेली. मिटायला सांगितलं होतंत.

काल मात्र पाऊस दणकून होता. वडाच्या पुढे दगडांवर चढले आणि टायर गोटीसारखं उडायला लागलं. धरेचना. तिसऱ्या पायरीवर मी आडवी, सायकल अंगावर. हनुवटीला चार टाके पडलेत. रक्त पुसत, ढकलत, धापा टाकत चौकी गाठली. कारकून दार लावत होता. "थांबा!" म्हणून अशी ओरडले, की त्याच्या हातातलं कुलूप पडलं.

हवा तुमच्या मापाने होती. पाव नख. मी तीनतीनदा दाबून पाहिलं होतं.

टाके घालताना डॉक्टरीणबाई बोलू नका म्हणाल्या, म्हणून मी विचार करत बसले. मी दहा वर्षांची होते, तुमच्या दुकानात पंप मारायला यायचे. तुम्ही म्हणायचात, "माझ्या अंगठ्याला अर्धं नख, तुझ्या अंगठ्याला पाव. तुझा अंगठा अजून कोवळा आहे." आठवतं? मी चिडायचे. पुढे पंचवीस वर्षं माती दाबून माझा अंगठा असा झालाय, की बरणीची झाकणं शेजारीपाजारी माझ्याकडे उघडायला आणतात. मग पाव नख का लिहिलंत? आधी वाटलं, मामाला मी अजून दहा वर्षांचीच वाटते. मग वाटलं, नाही. हवेच्या बाबतीत मामा असा चुकत नाही. मामाने कुठलंतरी टायर स्वतः दाबून बघितलं आणि जे दिसलं ते लिहिलं. म्हणजे आज मामाचा अंगठा दहा वर्षांच्या पोरीएवढा आहे.

टेबल डगमगतं, पेन वाईट आहे, आणि मामा दिवसभर झोपलेले असतात.

उजवा हात कसा आहे? खरं सांगा.

ढेकूळ


९ जुलै, मंगळवार

मामा,

पाचवा शिक्का. या वेळी माझं अर्धं नख. दगडांवर टायर घोरपडीसारखं चिकटलं. तुमचं टायर बरोबरच होतं, तुमचं मापही बरोबर होतं, फक्त अंगठा बदलला होता.

उत्तर नाही आलं. मी वाट बघतेय. शिक्क्यांपेक्षा जास्त.

ढेकूळ


१३ जुलै, शनिवार

चिरंजीव,

तुझं पत्र चारदा वाचलं आणि चारदा फाडायला निघालो. एका हाताने फाडता येत नाही.

फेब्रुवारीत उजवी बाजू गेली. सकाळी दुकानात, पान्हा हातातून पडला, उचलायला वाकलो आणि मीही पडलो. तू तेव्हा प्रदर्शनाला बरण्या घेऊन गेली होतीस. तुझ्या आईला सांगितलं की चक्कर आली, आता मुलाकडे आराम करतो. पाय परत आला. जीभ अर्धी आली, म्हणून फोन घेत नाही. 'सायकल' म्हणायला गेलो तर काय निघतं ते मी तुला ऐकवणार नाही. हात आला नाही. ही पत्रं डाव्या हाताची आहेत.

तुझ्यासाठी खाली जाऊन वॉचमनच्या सायकलमध्ये नीट हवा भरून घेतली आणि उजवा अंगठा लावला, वरून अंगाचा भार टाकून. पाव नख गेलं. मी तेच लिहिलं. चाळीस वर्षांत हा अंगठा कधी खोटं बोलला नव्हता, त्याला तपासून बघायचं मला सुचलंच नाही. त्या एका ओळीपायी तुझी हनुवटी फुटली. वाट गेली असती तर ती माझ्याच हाताने गेली असती, ज्या हाताने काढली त्याच.

आता मला विचारू नकोस. हवेचा काटा मिळतो, तो घे. त्याला झटका येत नाही.

मामा


१६ जुलै, मंगळवार

मामा,

सहावा शिक्का पडला, हे आधी.

आता तुमची पाळी. रडून झालं असेल तर बघा. माझं झालंय, काल चौकीवर झालं, कारकुनाला वाटलं टाके दुखतायत. पाच महिने! पाच महिने तुम्ही एकट्याने हे गिळून बसलात, आणि मी इथे 'कुंभकर्ण' म्हणून विनोद करतेय! मला तुमचा इतका राग आलाय, की समोर असतात तर पाया पडायच्या आधी भांडले असते.

काटा मी घेतला. तो सांगतो वीस. वीस चांगले की वाईट, वडाच्या पुढे किती आणि ओढ्यात किती, हे त्याला कुठे ठाऊक आहे? मी तुम्हालाच विचारणार. उत्तर द्यायचं नसेल तर दादाकडे येऊन दारात बसेन, चिखलाच्या बुटांसकट. वहिनीचा गालिचा पांढरा आहे ना?

सोबतच्या डब्यात ओल्या फडक्यात बांधलेली माती आहे. तीच, टेकडीपलीकडची पांढरी. रोज उजव्या हाताने मळायची. मळता येत नसेल तर नुसता हात तिच्यावर ठेवायचा, ती आपली मऊ आहे, रागवत नाही. आणि दर शुक्रवारी साबणाएवढी वडी करून तिच्यावर उजवा अंगठा दाबायचा, अंगाचा भार न टाकता, नुसता बोटाचा जोर लावून. वाळली की मला पाठवायची. मी खोली मोजणार.

मी सोमवारी शिक्का मारून घेते. तुम्ही शुक्रवारी मारा.

ढेकूळ


३ ऑगस्ट, शनिवार

चिरंजीव दांडगट,

तीन वड्या सोबत आहेत. पहिलीवर काही दिसणार नाही, उजेडात तिरकी धरून बघ. दुसरीवर माशी बसून गेल्यासारखं आहे. तिसरीवर मात्र रेघा उमटल्यात. माझ्याच अंगठ्याच्या रेघा मी दहा मिनिटं बघत बसलो होतो. सूनबाई चहा घेऊन आली, तिला दाखवल्या. ती चहा तसाच ठेवून आत गेली.

त्याआधी घरात महाभारत झालं. तुझी माती सोफ्याला लागली. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, डॉक्टरांनी रबरी चेंडू दिलाय ना? हे काय मातीत खेळणं लावलंय या वयात?" मी म्हणालो, खरं तर अर्धं म्हणालो आणि अर्धं हातवारे करून सांगितलं, की चेंडू दाबला की परत फुगतो, मी काय केलं ते त्याला कळतच नाही. माती ध्यानात ठेवते. दुसऱ्या दिवशी त्याने बाल्कनीत पाट आणि जुनी चादर घालून दिली.

काल लिफ्ट सोडून जिन्याने उतरलो आणि वॉचमनचं पंक्चर काढलं. दोन तास लागले. पूर्वी सात मिनिटं लागायची. वॉचमन म्हणाला, "काका, कामावरून काढतील मला, चटकन करा." मी म्हटलं, ढकलत नेलं तरी चालतं, चाक फिरलं पाहिजे. त्याला काही कळलं नाही.

ओढ्यासाठी विचारलं होतंस. पाणी वाढलं तरी हवा तीच, फक्त अंग मागे टाक. ब्रेक पुढचा नको.

मामा


२० ऑगस्ट, मंगळवार

मामा,

अकरा! कालचा अकरावा. तुमच्या पाचव्या वडीवर माझी करंगळी बसते इतका खड्डा आहे. मी त्या सगळ्या ओळीने खिडकीत मांडल्यात. आई रोज पुसते आणि रोज रडते, आणि म्हणते डोळ्यात पीठ गेलं. खिडकीत पीठ कुठलं?

खाणवाला आता हसत नाही. काल तो वडाखाली होता, पण छत्री मिटून, आणि दोन माणसांना खाणीच्या वरच्या तळ्याकडे हात करून काहीतरी दाखवत होता. मला बघून गप्प झाला. मला ते आवडलेलं नाही.

एकच सोमवार.

ढेकूळ


२७ ऑगस्ट, मंगळवार

मामा,

आधी कबुली. तुमचा नियम मोडला.

काल वडाच्या वळणावर पोचले तर वाटच नव्हती. खाणीत दगड धुतलेला गाळ जिथे साठवतात, त्या तळ्याचा बांध वरच्या अंगाने फुटला होता. फुटला की फोडला ते देव जाणे आणि खाणवाला जाणे. दगडांच्या पायऱ्यांच्या आधी चाळीस पावलं नुसता राखाडी गाळ, वरून सपाट, चकचकीत. वरच्या गावची काही माणसं पलीकडे जमली होती. ओरडत होती, "खालच्या कडेने या, तिथे गाळ हळू वाहतोय, शांत आहे!" मी काठी खुपसली. शांत होता खरा, काठी अख्खी आत गेली.

तुम्हाला विचारायला तीन दिवस लागतात, माझ्याकडे दोन तास होते. मी तिथे दगडावर बसले आणि म्हटलं, बाई, तू आयुष्यभर काय केलंस? माती पाण्यात कालवून हौदात सोडलीस. हौदात काय होतं? पाणी जिथून आत पडतं तिथे जाड रेती आधी बसते, घट्ट. लोण्यासारखी बारीक माती वाहत वाहत पार दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथे तळ लागत नाही. म्हणजे जिथे गाळ शांत दिसतोय तिथे मरण, आणि जिथे बांध फुटून धो धो येतोय तिथे रेती.

मी फुटलेल्या बांधाच्या बाजूने गेले. लोक ओरडले, "वेडी झाली!" अरुंद टायर रेतीत रुतायला लागलं, म्हणून हवा सोडली. पाव नाही, अर्धं नाही, अख्खं नख. तुम्ही म्हणाला होतात कितीही मोह झाला तरी नाही. मोह नव्हता मामा, गरज होती. टायर पसरलं आणि रेतीवरून निघालं. पाणी गुडघ्याला, पाय पेडलवर. उतरले नाही. एकदाही उतरले नाही.

पलीकडे लागले तेव्हा पंपात गाळ गेलेला, हवा भरता येईना. तशीच दगडांवर घातली आणि तुम्ही सांगितलं होतंत तेच झालं. चौथ्या पायरीवर 'फट्!' ट्यूब गेली. मग रिमवर ढकलत नेली, खडाड खडाड, रिम वाकून पार आठाचा आकडा झाली. चौकीवर पाचाला चार मिनिटं होती.

खाणवाला तिथे आधीच हजर, जीपने. कारकुनाला म्हणाला, "हे धरू नका. टायरमध्ये हवाच नाही." कारकुनाने हुकूम काढला, चष्मा लावला, सगळा वाचला, सावकाश, बोट फिरवत. मग म्हणाला, "यात चाक लिहिलंय. हवा लिहिलेली नाही." आणि शिक्का असा आपटला, की टेबलावरची शाई उडून खाणवाल्याच्या सदऱ्यावर पडली.

वाट राहिली, मामा. तुमची वाट राहिली.

वरच्या गावची माणसं आजपासून गाळ उपसतायत, आठवड्यात वाट मोकळी होईल. रिम गेली, ट्यूब गेली. टायरवर मात्र ओरखडा नाही. नियम मोडल्याबद्दल रागवायचं असेल तर रागवा, पण फोनवर रागवा. अर्ध्या जिभेने रागवलात तरी मला पूर्ण कळेल.

ढेकूळ


३१ ऑगस्ट, शनिवार

चिरंजीव ढेकूळ,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर अडखळत, पण मोठ्याने वाचलं. 'खडाड खडाड' मला म्हणता येईना, चिरंजीवांनी म्हटलं. शाई उडाली तिथे सूनबाईने टाळी वाजवली.

नियम मोडलास ते बरं केलंस. तो नियम मुरूम आणि दगडासाठी होता. रेतीचं मला ठाऊक नव्हतं, कारण तिकडे आम्ही कधी पावसाळ्यात गेलोच नाही. आता माझ्या शिकवणीत भर घालतो. चाळीस वर्षांनी गिऱ्हाइकाने दुरुस्ती सुचवली.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघतोय. चिरंजीव म्हणाले, "बाबा, अजून दोन महिने थांबा." मी म्हणालो, "नाही." हा शब्द स्वच्छ आला, सगळ्यांनी ऐकला. मग ते म्हणाले, सोडायला येतो. मी म्हटलं, वरच्या चौकीपर्यंत सोड. तिथून वाटेने खाली मी चालत येणार. कारकुनाला म्हणावं, शिक्का नको, नुसतं दार उघडं ठेव.

नवी रिम आणून ठेव, चाकाचे आरे मी ओवीन, दोन दिवस लागले तरी. टायर चढवून ठेव, पण हवा भरू नकोस. काट्यालाही हात लावू नकोस.

या शुक्रवारची वडी सोबत नाही. अंगठा बरोबरच घेऊन येतोय.

मामा